क्यूएमू-केव्हीएमचं लाइव्ह मायग्रेशन: बदललेल्या मेमरीचा हिशोब कितपत चोख?

लाइव्ह मायग्रेशन म्हणजे चालू व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरनं उभा केलेला संगणक) बंद न करता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवणं. ते कसं आहे असं कुणालाही विचारा, उत्तर मिलिसेकंदात येतं. डाउनटाइम किती, पिंगची किती पॅकेट पडली, ग्राहकाला कळलं का. हे आकडे महत्त्वाचे आहेतच, पण माझ्या लेखी ते दुसऱ्या नंबरावर. पहिला प्रश्न हा की पलीकडच्या सर्व्हरवर उठलेल्या व्हीएमची मेमरी अलीकडच्या मेमरीशी बाइट न् बाइट जुळते का. इथे एखादं पान (मेमरीचा ४ केबीचा तुकडा) चुकलं तर लगेच काहीच दिसत नाही. व्हीएम चालू राहते, लॉगिन होतं, रिपोर्ट निघतात. मग काही आठवड्यांनी डेटाबेसच्या एखाद्या इंडेक्समधून असलेली नोंद सापडेनाशी होते, आणि तोवर मधे कधी मायग्रेशन झालं होतं हेही कुणाच्या लक्षात नसतं. केव्हीएम हा लिनक्सच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नलमधला, व्हीएम चालवणारा भाग आणि क्यूएमू हा त्यावर बसून व्हीएमला डिस्क-नेटवर्कसारखी उपकरणं पुरवणारा प्रोग्राम. म्हणून या जोडीचं हे परीक्षण मी त्याच अंगानं लिहितोय.

आमचे सर्व्हर महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये आहेत. ग्राहक म्हणजे मुख्यतः पतसंस्था आणि काही पॅथॉलॉजी लॅब. खाली लिनक्स आणि केव्हीएम, वर क्यूएमू, हे सगळं हाकायला लिबव्हर्ट ही लायब्ररी. बाहेरच्या माणसाला वाटतं की पतसंस्थेचं काउंटर संध्याकाळी बंद झालं की मशीन मोकळं. तसं नसतं. संध्याकाळी पिग्मी एजंट दिवसभराची वसुली अपलोड करतात, त्यानंतर डे-एंड लागतं, महिनाअखेरीला व्याज आकारणी चालते, मग बॅकअप. म्हणजे मेमरीत लिखाण थांबलंय अशी वेळ मिळतच नाही. आणि व्हीएम हलवणं टाळता येत नाही. कर्नलचे पॅच लावायचे असतात, फर्मवेअर अपडेट करायचं असतं. सगळ्यात घाई असते ती रॅम खराब व्हायला लागते तेव्हा. ईसीसीनं (रॅममधल्या चुका ओळखणारी सोय) दुरुस्त केलेल्या चुका एकाच स्लॉटवर वाढत चाललेल्या लॉगमध्ये दिसल्या की मी तो होस्ट (व्हीएम चालवणारा सर्व्हर) त्याच दिवशी रिकामा करायला घेतो. दुरुस्त न होणारी पहिली चूक आली की त्या व्हीएमचं काय होईल हे आपल्या हातात राहत नाही.

आता काम कसं चालतं ते. क्यूएमूची नेहमीची पद्धत प्री-कॉपी. पहिल्या फेरीत व्हीएमची सगळी मेमरी नेटवर्कवरून पलीकडे जाते, आणि हे होत असताना व्हीएम इकडे चालूच असते. म्हणजे मोठं अंगण सारवायला घ्यावं आणि पोरं त्यावरून पळतच असावीत, तशी गत. पावलं उठली ती जागा पुन्हा सारवायची, त्या वेळात आणखी पावलं उठतात ती पुन्हा. दर फेरीला उरलेली जागा कमी होत गेली तर शेवटी पोरांना क्षणभर उभं करून काम पुरं करता येतं. तो क्षण म्हणजे डाउनटाइम, आणि क्यूएमूमध्ये त्याची ठरलेली मर्यादा ३०० मिलिसेकंद.

हिशोब मांडून पाहा. ६४ जीबीची व्हीएम आणि १० गिगाबिटची लिंक. प्रत्यक्षात सेकंदाला साधारण १.१ जीबी सरकतं असं धरू. पहिली फेरी जवळपास एक मिनिटाची. डेटाबेस सेकंदाला ३०० एमबी इतकी नवी पानं खराब करत, म्हणजे बदलत, असेल तर त्या मिनिटात १७ जीबीच्या आसपास पुन्हा पाठवण्याजोगं होतं. दुसरी फेरी १६ सेकंदांची, तिच्यात ४.७ जीबी साचतं. तिसरीत सव्वा जीबी. चौथीत साडेतीनशे एमबी. पाचवीनंतर उरतं ते ३०० मिलिसेकंदांत आरामात जातं. पण लिहिण्याचा वेग लिंकच्या वेगापेक्षा जास्त झाला की हे गणित कधीच संपत नाही. त्यातली मेख अशी की आठ बाइट बदलले तरी ४,०९६ बाइटचं अख्खं पान पुन्हा जातं. सेकंदाला तीन लाख वेगवेगळ्या पानांवर एकेक आकडा लिहिणारा प्रोग्राम १० गिगाबिटची लिंक एकटा खाऊन टाकतो.

ही कल्पना जुनी आणि चांगली पारखलेली आहे. व्हीएमवेअरनं व्हीमोशन ही लाइव्ह मायग्रेशनची सोय २००३ साली आणली. २००५ मध्ये केंब्रिज आणि कोपनहेगनच्या मंडळींनी झेन या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरचं काम प्रसिद्ध केलं, त्यात खेळाडू खेळत असताना क्वेक ३ चा सर्व्हर ६० मिलिसेकंदांच्या खंडानं हलवून दाखवला होता. केव्हीएम लिनक्समध्ये आलं ते २००७ च्या फेब्रुवारीत, २.६.२० मध्ये.

आता खऱ्या विषयाकडे. कोणतं पान बदललं हे कळतं कसं?

केव्हीएमची मूळ पद्धत बिटमॅपची आहे. मेमरीच्या दर ४ केबी पानामागे एक बिट. ६४ जीबीला दोन एमबीचा बिटमॅप, एक टीबीला ३२ एमबीचा. मायग्रेशन सुरू झालं की केव्हीएम गेस्टच्या (व्हीएमच्या आत चालणाऱ्या सिस्टिमच्या) पानांवरची लिहिण्याची परवानगी काढून घेतं. गेस्टनं लिहायचा प्रयत्न केला की प्रोसेसर अडतो, ताबा केव्हीएमकडे येतो, ते बिट लावतं, परवानगी परत देतं आणि गेस्ट पुढे जातो. त्या पानावरचं पुढचं लिखाण फुकट, कारण नोंद एकदा झालेली आहे. क्यूएमू दर फेरीला हा बिटमॅप मागून घेतं.

ऐकायला सोपं. धोका आहे तो क्रमात. बिटमॅप वाचणं, पुसणं, परवानगी पुन्हा काढणं ही कामं चालू असताना गेस्टचे व्हीसीपीयू (व्हीएमला दिलेले आभासी प्रोसेसर) थांबलेले नसतात, ते त्याच बिटमॅपमध्ये बिट लावत असतात. केव्हीएमनं याचा क्रम असा बांधलाय: आधी बिट एका झटक्यात उचलून त्या जागी शून्य ठेवायचा, मग त्या पानाची लिहिण्याची परवानगी काढायची, मग उचललेली प्रत क्यूएमूला द्यायची, आणि परतण्याआधी टीएलबी (प्रोसेसरनं जवळ जपलेली पत्त्यांची आणि परवानग्यांची नोंद) साफ करायचा. परवानगी काढल्यावर आणि टीएलबी साफ होण्याआधी एक फट राहते. प्रोसेसरच्या टीएलबीत जुनी परवानगी शिल्लक असते आणि गेस्ट तिच्या जोरावर नोंद न होता लिहू शकतो. मग ते लिखाण हरवलं का? नाही. ते पान नुकत्याच उचललेल्या प्रतीत बदललेलं म्हणून आधीच आहे, आणि क्यूएमू ते वाचायला जाईल तेव्हा टीएलबी साफ झालेला असेल. म्हणजे फटीत झालेलं लिखाण पाठवलेल्या पानात येतंच, आणि त्यानंतरचं पुढच्या फेरीत नोंदलं जातं. कर्नलच्या सोर्समध्ये हा क्रम टप्प्याटप्प्यानं कारणांसकट लिहून ठेवलाय. मी तो वाचला त्या दिवसापासून या सॉफ्टवेअरवर माझा विश्वास बसला. फट बुजवता येत नाही हे मान्य करून ती निरुपद्रवी होईल असा क्रम लावणं, हे खरं इंजिनिअरिंग.

क्यूएमूच्या बाजूलाही तोच नियम: आधी बिट पुसा, मग पान वाचा. उलटं केलं तर काय होईल पाहा. पान वाचलं, वाचून झाल्याबरोबर गेस्टनं त्यावर लिहिलं, बिट लागला, आणि मग आपण बिट पुसला. नवं लिखाण इकडेच राहिलं आणि नोंदही गेली. क्यूएमूच्या कोडमधली टीप स्पष्ट सांगते की बिट लवकर पुसलेला चालेल, उशिरा नाही. लवकर पुसल्यानं फार तर एखादं पान दोनदा जाईल. उशिरा पुसल्यानं डेटा जाईल. या सॉफ्टवेअरमध्ये जिथे जिथे शंका येते तिथे चूक नेहमी जास्त पाठवण्याच्या बाजूला झुकवलेली आहे.

पान वाचत असतानाच गेस्टनं लिहिलं तर अर्धं जुनं, अर्धं नवं असं पान पलीकडे जातं. हे मी आमच्या टीममधल्या एका नव्या मुलीला सांगत होतो तर ती पटकन म्हणाली, "मग सर, ते करप्टच झालं ना?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की त्या लिखाणाचा बिट लागलेला आहे, पान पुढच्या फेरीत पुन्हा जाणार, आणि पलीकडे ते पान वापरायला अजून व्हीएम उठलेलीच नाही. शेवटची फेरी व्हीसीपीयू थांबवून होते, तिच्यात अर्धवट काही राहत नाही.

इंटेलनं ब्रॉडवेल पिढीपासून हार्डवेअरमध्येच एक सोय दिली, पीएमएल. प्रोसेसर बदललेल्या पानांचे पत्ते स्वतःच ५१२ ओळींच्या एका यादीत टाकतो आणि यादी भरली की केव्हीएमला उठवतो. दर पानाला अडणं वाचतं. लिनक्स ४.० पासून केव्हीएम हे आपोआप वापरतं, तुम्हाला काही करावं लागत नाही.

व्हीसीपीयूंची बाजू अशी भक्कम आहे. पण गेस्टच्या मेमरीत लिहिणारे व्हीसीपीयू एकटेच नसतात, आणि मायग्रेशनच्या गप्पांमध्ये नेमकी हीच गोष्ट राहून जाते. डिस्कवरून वाचलेला डेटा गेस्टच्या बफरमध्ये कोण टाकतं? क्यूएमूचा स्वतःचा थ्रेड. तो होस्टच्या पेज टेबलमधून (पत्त्यांच्या तक्त्यातून) लिहितो, गेस्टवरची लिहिण्याची बंदी त्याला लागूच नसते. नेटवर्कचं पॅकेट कोण टाकतं? व्हीहोस्ट वापरत असाल तर कर्नलमधला एक वेगळा थ्रेड. व्हीहोस्ट-यूजर असेल तर क्यूएमूच्या बाहेरची पूर्ण वेगळी प्रोसेस. नेटवर्कचं कार्डच थेट गेस्टला दिलं असेल तर खुद्द हार्डवेअर, डीएमएनं, म्हणजे प्रोसेसरला मधे न घेता. यांतल्या प्रत्येकानं आपण कुठे लिहिलं याची नोंद स्वतः करावी लागते.

इथे क्रम उलटा होतो, आणि तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. लिहिणाऱ्यानं आधी डेटा लिहायचा, मग बिट लावायचा. आधी बिट लावला तर मधल्या क्षणात मायग्रेशनचा थ्रेड बिट पुसून जुनं पान वाचून मोकळा होईल आणि डेटा त्यानंतर येऊन पडेल, ज्याची नोंद कुठेच नाही. बिट लावणंही अटॉमिक, म्हणजे मधे दुसऱ्या कुणाला शिरू न देणारं, हवं. एका बाइटमध्ये आठ पानांचे बिट असतात. दोन थ्रेडनी तोच बाइट एकाच वेळी वाचून, आपापला बिट चढवून परत लिहिला, तर एकाचा बिट दुसऱ्याच्या लिखाणाखाली पुसला जातो. व्हीहोस्ट-यूजरच्या प्रोटोकॉलमध्ये म्हणूनच अटॉमिक ऑपरेशनची अट घातलेली आहे.

आणि एखाद्या भिडूला नोंद ठेवताच येत नसेल तर? क्यूएमू मायग्रेशन सुरूच करू देत नाही. व्हीहोस्ट-यूजरचा बॅकएंड (ती बाहेरची प्रोसेस) नोंदीची सामायिक मेमरी घेऊ शकत नसेल तर स्वच्छ संदेश येतो की मायग्रेशन बंद आहे, कारण अमुक सोय नाही. एका ग्राहकाच्या व्हीएमबाबत आम्हाला हा नकार मिळाला. नेटवर्कचं सॉफ्टवेअर तिसऱ्याच कंपनीचं होतं. ऐन वेळी नकार आला की चिडचिड होते, ठरवलेली वेळ जाते, ग्राहकाला पुन्हा फोन करावा लागतो. तरी मला हा नकार या उत्पादनातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. दहातल्या नऊ वेळा बरोबर चालणारं आणि दहाव्या वेळी गुपचूप पॅकेट बफर जुनं ठेवणारं मायग्रेशन माझ्या कामाचं नाही.

थेट दिलेल्या कार्डांची गोष्ट अजून पुरती सुटलेली नाही. लिनक्स ६.१ मध्ये व्हीएफआयओला (कार्ड थेट गेस्टला देणारी लिनक्सची व्यवस्था) डीएमएच्या नोंदी ठेवण्याची सोय आली, पण ती कार्डाला आणि त्याच्या ड्रायव्हरला जमली पाहिजे. आमच्याकडची जुनी कार्डं यात बसत नाहीत. जी व्हीएम हलवावी लागणार हे माहीत आहे तिला आम्ही व्हर्टआयओच (सॉफ्टवेअरनं पुरवलेली उपकरणं) देतो. थोडा वेग जातो, तो मी जाऊ देतो.

आता सुधारणांबद्दल. जुन्या पद्धतीत बिटमॅप मागितला की केव्हीएम तिथल्या तिथे सगळं पुसून सगळ्या पानांची परवानगी काढायचं. क्यूएमू एखाद्या पानापर्यंत पोचायला मात्र अर्धं मिनिट लागायचं. त्या वेळात गेस्टनं त्यावर लिहिलं की बिट पुन्हा लागायचा, क्यूएमू ताजं पान पाठवायचं आणि पुढच्या फेरीत तेच पान विनाकारण परत जायचं. लिनक्स ५.० पासून वाचणं आणि पुसणं वेगळं झालं. क्यूएमू आता ठरलेल्या तुकड्यात, साधारण एकेक जीबीत, पाठवायच्या जरा आधी पुसतं. मोठ्या व्हीएममध्ये फरक जाणवतो: फेऱ्या कमी होतात, आणि एकदम सगळ्या मेमरीची परवानगी काढताना गेस्टला बसणारा हिसका विभागला जातो.

दुसरी सुधारणा माझ्या आवडीची: डर्टी रिंग. लिनक्स ५.११ मध्ये आली, पीटर शू यांचं काम. इथे बिटमॅपऐवजी प्रत्येक व्हीसीपीयूची स्वतःची रिंग (ठरावीक जागांची गोल फिरणारी यादी) असते, पान बदललं की त्याची नोंद रिंगमध्ये पडते आणि क्यूएमू ती उचलत राहतं. बिटमॅप तपासण्याचा खर्च व्हीएमच्या आकारावर ठरतो, रिंगचा खर्च प्रत्यक्ष बदलावर. अर्धा टीबीच्या पण शांत व्हीएमला रिंगच शोभते. रिंग भरली तर? तो व्हीसीपीयू केव्हीएममधून बाहेर येतो आणि रिंग रिकामी होईपर्यंत थांबतो. नोंद गळत नाही, लिहिणारा थांबतो. ४,०९६ नोंदींची रिंग म्हणजे १६ एमबीचं नवं लिखाण, ६५,५३६ ची म्हणजे २५६ एमबी. आकार या हिशोबानं निवडावा. व्यस्त डेटाबेसला लहान रिंग दिली तर व्हीसीपीयू सारखे अडखळतात.

एआरएमवर रिंग वापरणाऱ्यांनी एक गोष्ट बघावी. तिथला प्रोसेसर मेमरीतल्या लिखाणाचा क्रम इंटेलइतका काटेकोर पाळत नाही. म्हणून रिंगमधल्या नोंदीवरचा झेंडा वाचताना आणि परत ठेवताना क्रम बांधणाऱ्या सूचना वापराव्या लागतात, आणि केव्हीएमनं त्यासाठी वेगळी क्षमता जाहीर केलेली आहे. इंटरप्ट कंट्रोलरची काही टेबलं तर कोणत्याही व्हीसीपीयूच्या संदर्भाशिवाय लिहिली जातात, त्यांच्यासाठी रिंगच्या जोडीला बिटमॅपही ठेवलाय. कुणाच्या तरी ध्यानात आलं की हे लिखाण कुठल्याच रिंगमध्ये बसत नाही, आणि त्यांनी ते सोडून दिलं नाही. मला अशा ठिकाणीच या प्रकल्पाची शिस्त दिसते.

तक्रारी आहेत, आणि त्या लहान नाहीत.

रिंग मुळात बंद असते. चालू करायची तर व्हीएम सुरू करतानाच सांगावं लागतं, कारण व्हीसीपीयू तयार होण्याआधी ती ठरते. म्हणजे वर्षभर चालू असलेल्या व्हीएमला हवी असेल तर एकदा बंद करा, लिबव्हर्टच्या एक्सएमएलमध्ये घाला, पुन्हा सुरू करा. ज्या सोयीचा हेतूच व्हीएम बंद न करणं हा आहे, तिच्यासाठी व्हीएम बंद करायला ग्राहकाची परवानगी मागताना फार अवघड होतं. नव्या व्हीएमना आम्ही पहिल्या दिवसापासून लावतो.

दुसरी तक्रार प्रगतीच्या आकड्यांची. मायग्रेशन चालू असताना लिबव्हर्टच्या व्हर्श या कमांडमधून जॉबची माहिती मागितली की किती मेमरी गेली, किती उरली, फेरी कितवी, पानं खराब होण्याचा वेग किती हे दिसतं. पण तो वेग बिटमॅप घेतल्यावरच मोजला जातो. पहिली फेरी संपेपर्यंत तिथे शून्य असतं. नवखा माणूस शून्य बघून निश्चिंत होतो, आणि फेरी संपल्यावर आकडा उसळतो. वेग आधीच मोजायची वेगळी आज्ञा आहे आणि ती वापरावीच. तिचा साधा प्रकार नमुना पद्धतीचा, दर जीबीमागे ५१२ पानं उचलून त्यांचे हॅश (पानातल्या मजकुराचा छोटा ठसा) पुन्हा तपासणारा. अंदाजाला ठीक. काटेकोर आकडा हवा तर बिटमॅप किंवा रिंगचा प्रकार निवडा.

मोजताना वेळ कोणती ते बघा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये नुसतं वाचणंही मेमरी बदलतं. मोठा डेटा चढवल्यावर पहिली क्वेरी चालते तेव्हा प्रत्येक ओळीवर ती पक्की झाल्याची खूण लावली जाते, आणि ज्या बफरना आपण हातही लावला नाही असं वाटतं ते सगळे बदललेले दिसतात. डे-एंडनंतर लगेच काढलेला साधा बॅलन्स रिपोर्ट मायग्रेशनची फेरी लांबवतो तो यामुळे. जावाचं वेगळं. अॅप निवांत दिसतं, पण कचरा गोळा करणारा भाग जिवंत वस्तू एका जागेवरून दुसरीकडे उचलून ठेवतो आणि ती सगळी पानं पुन्हा पाठवावी लागतात. लॅबच्या सॉफ्टवेअरच्या व्हीएमना हीप (जावाच्या वस्तूंसाठीची मेमरी) उगाच मोठी दिलेली असायची. आता हीप बेताची ठेवण्याचा आग्रह मी मायग्रेशनच्या कारणानंही धरतो.

तिसरी तक्रार ऑटो-कन्व्हर्जची. फेऱ्या संपत नसतील तर गेस्टला मुद्दाम हळू करण्याची ही सोय. सुरुवात २० टक्क्यांपासून, मग दहा-दहा टक्के वाढत ९९ पर्यंत. अडचण ही की सगळ्या व्हीसीपीयूंना सारखाच लगाम बसतो. एक व्हीसीपीयू व्याज आकारणी लिहितोय आणि बाकीचे काउंटरच्या क्वेरी वाचताहेत, तरी वाचणारेही रांगतात. पतसंस्थेच्या मॅनेजरना "सर्व्हर बंद नाही, हळू आहे" हे फोनवर पटवणं कठीण असतं, आणि त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं की आमच्यासाठी दोन्ही सारखंच. क्यूएमू ८.१ मध्ये आलेली डर्टी-लिमिट यावर योग्य उपाय आहे. ती रिंगच्या आधारानं जो व्हीसीपीयू लिहितोय त्यालाच आवरते. पण पुन्हा, रिंग आधीपासून लावलेली हवी.

मोठ्या पानांचा मुद्दाही सांगतो. दोन एमबीची पानं वापरणाऱ्या व्हीएमचं मायग्रेशन सुरू झालं की केव्हीएम त्यांचं मॅपिंग ४ केबीत फोडतं. तसं करणं भागच आहे, नाहीतर एका बाइटसाठी ५१२ पानांइतका डेटा जाईल. पण फोडल्यावर टीएलबीवर ताण येतो आणि मेमरी भरपूर वापरणारा गेस्ट मायग्रेशन संपेपर्यंत मंद वाटतो. त्यात काही बिघडलेलं नसतं, मॉनिटरिंगवाल्यांना आधी कळवून ठेवावं इतकंच.

पोस्ट-कॉपीबद्दल थोडक्यात. व्हीएम आधी पलीकडे उठवायची आणि लागेल ते पान मागून घ्यायचं, अशी ती पद्धत. लिनक्स ४.३ मधल्या यूजरफॉल्टएफडी या सोयीवर उभी आहे. लिखाण कितीही असलं तरी ती संपतेच, हा तिचा गुण. पण मधे लिंक तुटली की अर्धी ताजी मेमरी इकडे, अर्धी तिकडे. थांबून पुन्हा जोडण्याची सोय आहे, मात्र अलीकडचा होस्टच मेला तर व्हीएम गेली. रॅम खराब होत असलेल्या होस्टवरून पळताना मी पोस्ट-कॉपी लावत नाही. प्री-कॉपीत शेवटच्या क्षणापर्यंत पूर्ण व्हीएम इकडे शाबूत असते आणि काही बिनसलं तर ती जागच्या जागी पुढे चालू राहते.

मल्टीएफडी, म्हणजे एकाच वेळी अनेक कनेक्शनवरून पाठवणं, मी निर्धास्त वापरतो. सुरुवातीला माझ्या मनात शंका होती की एकाच पानाची जुनी प्रत एका कनेक्शनवर रेंगाळली आणि नवी दुसऱ्यावरून आधी पोचली तर जुनी नवीवर बसेल. क्यूएमू फेरीच्या सीमेवर सगळ्या कनेक्शनना एकमेकांसाठी थांबवतं, आधीच्या फेरीचं काही वाटेत उरलं नाही हे पक्कं झाल्यावरच तेच पान पुन्हा निघतं.

इतरांशी तुलना करायची तर रस्ट या भाषेत लिहिलेलं, क्यूएमूचंच काम करणारं क्लाउड हायपरवायझर मी चाचणीच्या मशीनवर चालवून पाहिलंय. व्हीएमएमनं (व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामनं) स्वतः केलेल्या लिखाणाची नोंद तिथे मेमरीच्या लायब्ररीतच अटॉमिक बिटमॅपनं होते. डिव्हाइसचा कोड लिहिणाऱ्यानं बिट लावायला विसरायचं म्हटलं तरी सोपं नाही. ही रचना मला क्यूएमूपेक्षा सरस वाटते, कारण क्यूएमूचं कोड जुनं आणि पसरलेलं आहे. फायरक्रॅकर हे असंच दुसरं सॉफ्टवेअरही याच लायब्ररीवर आहे, तिथे या नोंदी फरकापुरत्या स्नॅपशॉटला वापरतात. पण डिव्हाइसची विविधता, लिबव्हर्टची साथ आणि इतक्या वर्षांत सापडून बुजवलेले बारकावे पाहता ग्राहकांच्या व्हीएम मी आज क्यूएमूवरच ठेवीन.

क्यूएमूच्या सोर्सबरोबर येणारी मायग्रेशनची चाचणी एकदा उघडून वाचाच. त्यात ऑपरेटिंग सिस्टिम नसलेला एक चिमुकला गेस्ट असतो. १ एमबीपासून १०० एमबीपर्यंत प्रत्येक पानाचा पहिला बाइट एकेकानं वाढवत तो गोल फिरत राहतो. मायग्रेशन झाल्यावर चाचणी पलीकडची सगळी पानं तपासते. गेस्ट जिथे थांबला तिथपर्यंत एक आकडा आणि पुढे त्याहून एकनं कमी, अशी एकच पायरी दिसायला हवी. दुसरी पायरी दिसली की कुठेतरी एक लिखाण हरवलं. मी याच धर्तीचा छोटा प्रोग्राम सी मध्ये लिहून ठेवलाय. नवं कर्नल किंवा नवं क्यूएमू आलं की आधी रिकाम्या व्हीएममध्ये तो चालवतो, ती दोन होस्टमध्ये इकडून तिकडे हलवतो, आणि मगच ग्राहकांच्या व्हीएमना हात लावतो.

घ्यावं का? लिनक्स ५.११ च्या पुढचं कर्नल, क्यूएमू ६.१ च्या पुढचं आणि लिबव्हर्ट ८.० च्या पुढचं असेल तर नव्या व्हीएमना रिंग लावा, हलवणाऱ्या होस्टमध्ये मायग्रेशनसाठी वेगळी १० गिगाबिटची लिंक द्या आणि प्री-कॉपीवर भरवसा ठेवा. जुन्या कर्नलवर अडकलेल्यांनाही बिटमॅप तितकाच सुरक्षित आहे, फेऱ्या जास्त लागतील एवढंच. थेट दिलेलं कार्ड किंवा बाहेरचा व्हीहोस्ट-यूजर बॅकएंड असेल तर विकत घेण्याआधीच विक्रेत्याला लेखी विचारा की बदललेल्या मेमरीची नोंद तो ठेवतो का, आणि उत्तर आल्यावरही एकदा मायग्रेशन करून बघा.